दुधावाचून साय



वसंतातील व्याख्यानांच्या कार्यक्रमपत्रिकेत राज्यघटना, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय असतात. त्यांच्या शेजारी एका केकला पाट मांडून द्यावा, हे काही श्रोत्यांना थोरांच्या पंगतीत पोर बसवल्यासारखे वाटेल. परंतु माणूस काय खातो यापेक्षा काय वर्ज्य करतो, आणि वर्ज्य केलेल्याच्या जागी काय आणून बसवतो, यात त्याचा धर्म, त्याची ऐपत आणि त्याची चतुराई ही तिन्ही एकदम दिसतात. म्हणून हे धाडस.

ज्या पदार्थाविषयी मी बोलणार आहे तो आता आपल्या शहरांतही मिळू लागला आहे. काजू भिजवून गंधासारखे मऊ वाटायचे, त्यात नारळाचा दाट रस, लिंबू आणि काहीतरी गोड घालायचे, खजूर-बदामाच्या थापलेल्या थरावर हे सारण ओतून गोठवायचे, आणि वर एखाद्या फळाचा गर पसरायचा. दूध नाही, लोणी नाही, अंडे नाही, मैदा नाही. चूलसुद्धा नाही. तरी सुरी घातली की साईसारखी मऊ वडी निघते. याला केक म्हणावे की नाही, हा वाद आहे; त्याकडे मी पुढे येतो.

घरातली वडीलधारी मंडळी याला नवे खूळ म्हणतात आणि तरुण मंडळी नवा शोध म्हणतात. इतिहास दोघांनाही दुजोरा देत नाही. दुधावाचून साय काढण्याची खटपट निदान एक हजार वर्षांची आहे, आणि मौज अशी की ती दुधाच्या टंचाईतून फारशी जन्मलेली नाही. ती जन्मली उपवासातून. आणि जिथे जिथे ती झाली, तिथे तिथे एकच अवघड प्रश्न उभा राहिला : ही नियमाची पाळणूक की नियमाची फसवणूक?

प्रथम या पदार्थामागचे निसर्गाचे गुपित थोडक्यात सांगतो. दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे अतिसूक्ष्म थेंब. ते एकमेकांना चिकटून तेलाचा तवंग होऊ नये म्हणून प्रथिने त्यांच्याभोवती पहारा करतात. या थेंबांवर उजेड आपटून चहूकडे विखुरतो, म्हणून दूध पांढरे दिसते. बदाम, काजू, शेंगदाणा, खोबरे यांच्या पेशींतही तेल असेच बारीक कणांत, प्रथिनांच्या वेष्टनात साठवलेले असते. ते पाण्याबरोबर वाटले की कण मोकळे होतात आणि वरवंट्याखाली पांढरेशुभ्र दूध उतरते. आपल्या किनारपट्टीवर नारळाच्या या द्रवाला कोणी ‘रस’ म्हणतात, कोणी ‘दूध’ म्हणतात, आणि शिरवाळ्यांबरोबर किंवा सोलकढीत तो घेताना आपण कशाची नक्कल खातो आहोत असे कोणाच्याही मनात येत नाही. युरोपात मात्र या दुधाला नक्कल म्हणूनच दारात उभे केले गेले.

मध्ययुगीन ख्रिस्ती समाजात ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, ज्याला लेंट म्हणतात, तो ऐन वसंतात येतो. त्या काळात मांस वर्ज्य असेच, पण त्याबरोबर दूध, लोणी, चीज आणि अंडीही वर्ज्य असत. आपल्या उपवासाशी ताडून पाहा. आपला उपवास धान्य काढून घेतो आणि दूध ठेवतो. त्यांचा उपवास दूध काढून घेई आणि धान्य ठेवी. म्हणून एकादशीला आपल्या घरात आटीव दूध, खवा, श्रीखंड चालते आणि पोळी चालत नाही. त्यांच्याकडे नेमके उलटे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मात्र दोन्हीकडे सारखीच लागू पडावी.

कारण बंदी आली की स्वयंपाकी कामाला लागतो. बगदादमध्ये दहाव्या शतकात इब्न सय्यार अल्-वर्राक याने पाककृतींचा एक मोठा ग्रंथ संकलित केला. त्यात आजारी माणसांसाठी आणि उपवास करणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी बिनमांसाच्या पदार्थांचा एक वर्गच आहे. त्या पदार्थांना अरबीत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘बनावट’ असा होतो. खोट्या दस्तऐवजाला लावावा तसलाच हा शब्द. मला या शब्दाचा मोकळेपणा फार आवडतो. त्या स्वयंपाक्यांनी आव आणला नाही. हे खोटे आहे, पण चवदार आहे, असे त्यांनी नावातच सांगून टाकले.

युरोपच्या राजवाड्यांत बदामाचे दूध हे अशा बनावटीचे मुख्य साधन झाले. इंग्लंडचा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातील प्रमुख आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास एक गुंडाळी तयार केली. तिच्यात सुमारे दोनशे पाककृती आहेत, आणि बदामाचे दूध तिच्यात पानोपानी वाहते आहे. त्यातील ‘बदामाची साय’ या नावाची कृती आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. सोललेले बदाम वाटायचे, त्यांचे घट्ट दूध काढायचे, ते उकळायचे, खाली उतरवून त्यावर व्हिनेगर शिंपडायचे, मग ते कापडावर पसरायचे आणि साखर घालायची. पाणी निथळून थंड झाले की सगळे गोळा करून त्याच्या वड्या कापून ताटलीत वाढायच्या. येथे बसलेल्या भगिनींनी ही क्रिया ओळखली असेल. दुधात आंबट घालून नासवणे, फडक्यात निथळणे, उरलेल्या गोळ्यात साखर मिसळणे, हे चक्क्याचे आणि छेन्याचे शास्त्र झाले. फरक इतकाच की येथे गाय नाही. लिंबाने आंबट केलेले काजूचे सारण आज जेव्हा कोणी साच्यात ओततो, तेव्हा तो सहाशे वर्षांपूर्वीच्या या वडीची पुढची आवृत्ती काढत असतो. तिच्यात फक्त बर्फाचा गारठा नव्हता.

या मंडळींची मजल कुठवर गेली होती, याचे एक उदाहरण देतो. पंधराव्या शतकातील एका इंग्रजी हस्तलिखितात लेंटमध्ये खाण्याजोगी अंडी कशी करावीत ते सांगितले आहे. खऱ्या अंड्याला भोक पाडून आतले सर्व काढून टाकायचे, कवच धुऊन घ्यायचे, आणि त्यात बदामाच्या दुधाचे सारण भरून ते थिजवायचे. मधला भाग केशराने पिवळा रंगवायचा. पाहुण्याने कवच फोडले की आत पांढरे आणि पिवळे दोन्ही हजर. नियमाचे एक अक्षरही मोडले नाही! नियमाचा हेतू मात्र त्या कवचातून केव्हाच फुंकून टाकला होता.

आता या कथेची दुसरी बाजू. बदाम हा उत्तर युरोपात पिकणारा जिन्नस नव्हे. तो भूमध्य समुद्राकाठून जहाजाने येई, आणि साखर त्याहूनही महाग. उपवासाचा मूळ हेतू असा की राजा आणि रंक दोघांनी देवापुढे सारखे रिकाम्या पोटी उभे राहावे. प्रत्यक्षात राजाने बदामाची साय खाल्ली, आणि गरिबाने खारवलेला हेरिंग मासा आणि वाटाण्याची पेज. चाळीस दिवस तोच मासा आणि तीच पेज. विशेषाधिकार पुसून टाकण्यासाठी केलेल्या नियमाने विशेषाधिकार अधिक उठावदार केला. दक्षिणेकडच्या लोकांजवळ निदान जैतुनाचे तेल होते. उत्तरेत जैतून होत नाही. तेथे स्निग्ध म्हणजे लोणी, आणि लोणी तर वर्ज्य.

यातून चर्चने एक मार्ग काढला : पैसे भरा आणि लोणी खा. फ्रान्समध्ये रुआँ येथील महामंदिराला एक देखणा मनोरा आहे. पंधराव्या शतकाच्या शेवटी त्याचे काम सुरू झाले आणि सोळाव्याच्या आरंभी संपले. त्याला लोक आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात, कारण लेंटमध्ये लोणी खाण्याच्या परवानगीसाठी भाविकांनी दिलेला पैसा त्यात घातला गेला, असे परंपरा सांगते. जर्मनीत सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी पोपकडे अर्ज केले आणि १४९१ मध्ये आठव्या इनोसंटने लोण्याची मुभा देणारे पत्र धाडले. ड्रेस्डेनच्या नाताळच्या पावात लोणी शिरले ते या मुभेमुळे. पुढे १५२० मध्ये मार्टिन ल्यूथरने जर्मन सरदारांना उद्देशून जे प्रसिद्ध आवाहनपत्र लिहिले, त्यात ही लोण्याची विक्री त्याच्या तक्रारींच्या यादीत आहे. रोमचे लोक स्वतः उपवासाला हसतात, आम्हांला जोड्यालाही न लावण्याच्या लायकीचे तेल खायला लावतात, आणि मग लोण्याची मोकळीक विकत देतात, असा त्याचा रोख होता. धर्मसुधारणेची कारणे स्वयंपाकघरात शोधावीत असे मी म्हणत नाही. पण सामान्य माणसाला धर्मशास्त्राचा वाद कळण्याआधी लोण्याचा भाव कळतो, हेही विसरून चालणार नाही.

प्रॉटेस्टंट देशांत उपवासाचे बंधन सैल झाले आणि बदामाच्या दुधाची सद्दी हळूहळू संपली. ब्लामांज नावाचा पदार्थ मध्ययुगात कोंबडी, तांदूळ, साखर आणि बदामाचे दूध यांचा असे. तोच पुढे गाईच्या दुधाची गोड खीर होऊन बसला. गरज संपली तशी कलाही विसरली गेली.

आता गोठवण्याकडे वळू. येथे मी भराभर जाणार आहे, कारण बर्फाचा इतिहास स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. नुसत्या बर्फात भांडे ठेवून आतले गोड सारण गोठत नाही. साखर विरघळलेल्या पाण्याला गोठायला शून्याच्या खाली जावे लागते. बर्फात मीठ मिसळले तर बर्फ वितळू लागतो, वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, आणि मिश्रणाचे तापमान शून्याखाली सुमारे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. या युक्तीचा धाकटा भाऊ म्हणजे सोऱ्याने पाणी थंड करणे. तो आपल्याकडे चांगला परिचित होता. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त सांगितले आहे की अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात टाकून त्यात पाण्याची सुरई पाव तास फिरवली की आतले पाणी गार होते. बादशहाचा मुक्काम पंजाबात गेल्यावर, १५८६ पासून, उत्तरेच्या डोंगरांतले बर्फही होडीने, गाडीने आणि हमालांच्या करवी लाहोरला येऊ लागले.

युरोपात मीठ-बर्फाची युक्ती मिठाईवाल्यांच्या हाती पक्की बसली ती सतराव्या शतकात, आणि तिचे माहेरघर नेपल्स. तेथील आंतोनिओ लातिनी हा लहानपणी पोरका झालेला, चाकरी करीत वर चढलेला कारभारी. त्याने १६९२ आणि १६९४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सरबते गोठवण्याच्या कृती दिल्या आहेत, आणि नेपल्समधला प्रत्येक माणूस ही कला जन्मतःच शिकून येतो असे तो कौतुकाने म्हणतो. त्याच्या कृती मुख्यतः फळांच्या आहेत, दुधाची एखादीच. म्हणजे आइसक्रीमच्या जन्मकाळी दूध हे घरचे यजमान नव्हते, पाहुणे होते.

नेपल्सच्या खाली सिसिली बेट. तेथे बदाम उदंड, ऊस आणि लिंबू अरबांनी आणून लावलेले, आणि एटना ज्वालामुखीच्या माथ्यावर बर्फ. आगीच्या डोंगरावरचे बर्फ खड्ड्यांत दाबून, राख आणि पाला घालून उन्हाळ्यापर्यंत जपत आणि रात्री खेचरांवरून खाली आणीत. पॅट्रिक ब्रायडन नावाच्या स्कॉटिश प्रवाशाने १७७० मध्ये हे बेट पाहिले. कातानियाच्या बिशपला या बर्फापासून मोठे उत्पन्न होते, मालटा बेटालाही बर्फ येथूनच जाई, आणि येथील लोकांना धान्याच्या दुष्काळापेक्षा बर्फाचा दुष्काळ अधिक जड जाईल, असे त्याने लिहून ठेवले आहे. याच बेटावर बदामाचे दूध आणि बर्फ यांची गाठ पडली. बदामाचे गोठवलेले, रवाळ दूध सिसिलीत आजही सकाळच्या न्याहारीला घेतात. उपवासाची साय आणि डोंगराचा गारठा यांचा हा विवाह टिकाऊ ठरला.

आमच्या मुंबईत गारठा आला तो समुद्रातून. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजावर १८० टन बर्फ घालून कलकत्त्याला पाठवले, आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातले सुमारे १०० टन शाबूत उतरले. लगेच पुढच्या वर्षी मुंबईलाही अमेरिकन बर्फ मिळू लागले. जमशेटजी जिजीभाई यांनी मेजवानीत आइसक्रीम वाढले, तेव्हा यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, आणि हा परदेशी चैनीचा योग्य प्रसाद होय, अशा अर्थाची चुटपुटती टीका ‘मुंबई समाचारा’त आली होती, असे सांगतात. हे आइसक्रीम अर्थातच दुधाचे. आपल्याकडे दुधाला धर्माची आडकाठी नव्हती, तेव्हा पर्याय शोधणार कोण?

शोधणारा एक निघाला, आणि तो साधासुधा माणूस नव्हता. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले. ब्रह्मचर्याविषयीची त्यांची कल्पना हे एक कारण, आणि कलकत्त्याचे गवळी गाईम्हशींना जास्त दुधासाठी जे क्रूर उपाय करीत त्याचे वर्णन वाचनात आले, हे दुसरे. पुढे १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना त्यांचा मुख्य आहार काय होता? शेंगदाणे भाजून केलेले लोणी आणि लिंबू. म्हणजे कवचाच्या दाण्याची साय आणि आंबट, आजच्या आपल्या केकचेच सार. ते प्रमाणाबाहेर खाण्यात आले, असे त्यांनीच आत्मकथेत प्रांजळपणे सांगितले आहे. आधी पोट बिघडले, मग आमांश जडला, आणि प्रकरण मरणाच्या दारापर्यंत गेले. हवापालटासाठी त्यांना माथेरानला आणले, पण तेथले पाणी जड, ते मानवेना. मुंबईत डॉ. दलाल यांनी सांगितले की दूध घेतल्यावाचून शरीर भरून येणार नाही. गांधीजी म्हणाले, दुधाचे व्रत आहे. तेव्हा जवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी वाट काढली : व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, शेळीचे काय?

गांधीजींनी शेळीचे दूध घेतले आणि ते बरे झाले. पण त्या प्रसंगाचा सल त्यांच्या मनातून गेला नाही. व्रताचे अक्षर राखले, आत्मा गमावला, असा निवाडा त्यांनी स्वतःविरुद्ध दिला, आणि दुधाइतके पौष्टिक आणि पचायला हलके असे वनस्पतिजन्य काही कोणाला ठाऊक असेल तर कळवावे, अशी वैद्य-डॉक्टरांना जाहीर विनंती केली. रिचर्ड राजाच्या आचाऱ्याला केशराचे अंडे भरताना असला सल वाटला असेल असे दिसत नाही. एकाच प्रकारच्या पळवाटेवर दोन माणसे उभी आहेत. एक टाळ्या घेतो आहे आणि दुसऱ्याला रात्री झोप येत नाही. वैद्यकाच्या दृष्टीने कस्तुरबांचे बरोबर होते, असे माझे मत आहे. नुसत्या शेंगदाण्याच्या लोण्यावर आजाऱ्याला जगवण्याचा आग्रह धरणे हे व्रत नसून हट्ट झाला असता.

गांधीजी प्रयोग करीत होते त्याआधीच अमेरिकेत मिशिगनमधील बॅटल क्रीक या गावी असेच प्रयोग पद्धतशीर चालू होते. तेथे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक आरोग्य हा धर्माचाच भाग मानीत आणि मांस टाळीत. त्यांच्या आरोग्यधामाचे प्रमुख डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी दाण्यांच्या लोण्याचे अनेक प्रकार चालू केले. त्याच पंथाच्या अल्मेडा लॅम्बर्ट या बाईंनी १८९९ मध्ये केवळ दाण्यांच्या स्वयंपाकावर एक पुस्तक लिहिले, आणि त्यात शेंगदाणा व बदामाच्या दुधाचे आइसक्रीम सांगितले. छापील पुस्तकांतून दिसणारे बिनदुधाचे हे आइसक्रीम फार जुन्यांपैकी आहे. पुन्हा पाहा, मूळ धर्माचरणात.

दुसऱ्या महायुद्धाने प्रथमच टंचाई हे कारण पुढे आणले. १९४५ मध्ये बफेलो शहरातील रॉबर्ट रिच याने सोयाबीनपासून फेटता येणारी साय केली. विक्रेत्यांना दाखवायला नेताना ती वाटेत दगडासारखी गोठली. कापून, सैल करून फेटली तर पहिल्यासारखी फुलली. गोठवून ठेवता येणारी साय हा त्याचा धंदा झाला, आणि दूधधंदेवाल्यांनी त्याच्यावर दाव्यांमागून दावे लावले. १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी दूधही न घेणाऱ्यांची ‘व्हीगन’ संस्था स्थापन केली. आणि १९८१ च्या सुमारास ब्रुकलिनच्या डेव्हिड मिंट्झ यांनी सोयाचे आइसक्रीम बाजारात आणले; यहुदी धर्मनियमाप्रमाणे मांसाच्या जेवणानंतर दूध चालत नाही, म्हणून. विसाव्या शतकाच्या अखेरीस चूल न पेटवता खाण्याचा पंथ कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये फोफावला, आणि त्या मंडळींच्या हाती काजू लागला. आजचा केक तेथला.

काजूच का? बदामाला साल असते, चोथा असतो, दूध गाळावे लागते. काजूचा गर मऊ, पिठूळ आणि फिक्या चवीचा. भिजवून वाटला की गाळण्याची गरज नाही, आणि त्यातले पिष्ट सारणाला घट्टपणा देते. हे झाड मूळचे ईशान्य ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पश्चिम किनाऱ्यावर आणले, आणि क्रिस्तोव्हाल आकोस्ता या वैद्याने १५७८ च्या ग्रंथात कोचीनला ते पाहिल्याचे नोंदवले आहे. नावही ब्राझीलच्या आदिवासींच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले. कोकणाने आणि गोव्याने ते इतके आपलेसे केले की ओल्या काजूच्या उसळीला कोणी परदेशी म्हणणार नाही. १९५७ मध्ये वेंगुर्ल्याला सुरू झालेल्या संशोधन केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला’ जाती आज कोकणभर लागलेल्या आहेत.

या काजूविषयी केकच्या पुस्तकांत न लिहिलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. काजू हा बिब्ब्याचा सख्खा नातेवाईक. आंबा आणि पिस्ताही त्याच कुळातले, पण काजूने गुण घेतला बिब्ब्याचा. त्याच्या टरफलात जे काळे तेल असते ते कातडीवर उतते. बिया भाजून किंवा वाफवून मगच फोडतात, म्हणजे ‘कच्चा काजू’ म्हणून विकला जाणारा गर खरोखर कच्चा नसतोच. तो फोडणाऱ्या बहुतेक बायका. हाताला राख किंवा तेल चोळून त्या दिवसभर एकेक बी फोडतात आणि गर अखंड काढतात, कारण तुकडा झाला की भाव पडतो. चीकाने काळी पडलेली, सोललेली बोटे कोकणातल्या, मंगळूरच्या आणि केरळातल्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली आहेत. आता यंत्रे आली आहेत, हातमोजेही दिसतात, पण सगळीकडे नाहीत. जनावराला पीडा नको म्हणून ज्याने दूध सोडले, त्याने ही बोटेही हिशेबात धरावीत, एवढीच माझी अपेक्षा. आणि गंमत म्हणजे केकसाठी अखंड काजू लागतच नाही! तो वाटायचाच असतो. तुकडा काजू स्वस्त मिळतो आणि साय तीच निघते.

नावाचा वाद राहिला. २०१७ च्या जूनमध्ये युरोपच्या न्यायालयाने निर्णय दिला की केवळ वनस्पतीपासून केलेल्या पदार्थाला दूध, साय, लोणी ही नावे लावून विकता येणार नाही. भारतातही २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशाच स्वरूपाचे आदेश काढले. पण युरोपच्या नियमाला अपवादांची एक यादी जोडलेली आहे, आणि तिच्यात फ्रेंच व स्पॅनिश भाषांतील ‘बदामाचे दूध’ बसले आहे. रूढ नाव म्हणून कायद्याला ते मोडता आले नाही. लेंटमधल्या त्या आचाऱ्यांचा हा उशिराचा विजय म्हणावा लागेल. नारळाचे दूधही त्या यादीत आहे.

कृती विचारल्याशिवाय आपण मला सोडणार नाही, म्हणून ती सांगून थांबतो. दोन वाट्या तुकडा काजू निदान चार तास पाण्यात भिजवावा. वाटीभर खजूर आणि वाटीभर बदाम चिमूटभर मिठाबरोबर भरड कुटून, तळ सुटणाऱ्या साच्यात घट्ट थापावेत. काजू निथळून, वाटीभर नारळाचा पहिला दाट रस, अर्धी वाटी काकवी किंवा मध, एका मोठ्या लिंबाचा रस आणि तीन-चार चमचे पातळ केलेले खोबरेल घालून मिक्सरमध्ये वाटावे. मध हा मधमाशीचा, म्हणून कडक नियमवाले तो घेत नाहीत. त्यांनी काकवी घ्यावी, रंग थोडा तांबूस येतो. बोटांत चोळून कण लागेनासा होईपर्यंत वाटावे. येथे घाई केली तर गोठल्यावर जिभेला रवा लागतो. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली घट्ट होते, तेच या वडीचा कणा. गोडी कमी करू नये, कारण साखरच बर्फाचे मोठे स्फटिक होऊ देत नाही आणि गोठलेल्या जिभेला गोड कमीच लागते. सारण साच्यात ओतून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावे. वरचे फळ आधी गोठवू नये. चैत्र-वैशाखात हापूसचा रस किंवा करवंदांचा साखरेत आटवलेला गर, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. वाढण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे बाहेर काढून ठेवावे, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यावी, वड्या कापाव्यात, आणि मग फळ घालावे.